दोन इंचांची नळी आणि तिचे काडतूस

आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणार्थ बाळगू इच्छिणारा मनुष्य, मग तो अमेरिकेतील एखाद्या गावातला दुकानदार असो, रजेवर असलेला पोलीस असो, की एकटी राहणारी वृद्धा असो, शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात गेला म्हणजे बहुधा एकच प्रश्न विचारतो: ‘यात घालायला सगळ्यांत जोरदार काडतूस कोणते?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे, की जोर हा काडतुसाच्या ठिकाणी असतो आणि तो डब्यासोबत विकत मिळतो. वस्तुतः डब्यावर छापलेला वेग हा पुष्कळदा चार इंचांच्या किंवा त्याहूनही लांब नळीत मोजलेला असतो, आणि तोच डबा दोन इंचांच्या नळीच्या मालकाने घरी आणला, की त्या आकड्याचा त्याच्यापुरता अर्थ निम्मा संपतो. आखूड नळीसाठी काडतूस निवडणे म्हणजे नळीची लांबी, शस्त्राचे वजन आणि धरणाऱ्याचा हात या तिघांचा हिशेब आधी मांडणे, आणि गोळीचा विचार सर्वांत शेवटी करणे होय. हा हिशेब कसा मांडावयाचा, हे या प्रकरणात क्रमाने पाहू. विवेचन मुख्यतः अमेरिकेतील ‘थर्टी-एट स्पेशल’ या काडतुसाच्या आधारे केले आहे. कारण हे शस्त्र तेथेच वाढले, आणि निवडीला इतका वाव अन्यत्र क्वचितच आहे.

१. काडतुसाची चार अंगे

व्यवहारात आपण ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे शब्द सरमिसळ वापरतो. येथे मात्र त्यांत भेद केला पाहिजे. काडतूस हे चार वस्तूंचे मिळून होते. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेला व आघाताने ठिणगी देणारा प्रायमर, आत भरलेली दारू, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसविलेली शिशाची गोळी, ही ती चार अंगे. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारूचा वायू होतो, आणि त्या वायूच्या रेट्याने गोळी तेवढी नळीवाटे बाहेर जाते. पुंगळी मागे राहते.

गोळीचे वजन ‘ग्रेन’ या मापात सांगतात. आपल्याकडील जुन्या सराफांना हे माप परके वाटू नये. कारण इंग्रजी अमलात ठरविलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. तेव्हा थर्टी-एट स्पेशलची पारंपरिक १५८ ग्रेनांची गोळी तोळ्याला थोडी उणी, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची, आणि ज्या १३५ ग्रेनांच्या गोळीचा उल्लेख पुढे यावयाचा आहे ती नेमकी पाऊण तोळ्याची, म्हणजे ८.७५ ग्रॅमची.

२. हे शस्त्र आले कोठून

थर्टी-एट स्पेशल हे काडतूस स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८९८ च्या सुमारास बाजारात आणले. त्यापूर्वी अमेरिकी सैन्यात जे अडतीसचे काडतूस होते, त्याची दुर्बलता फिलिपाइन्समधील लढायांत अधिकच चव्हाट्यावर आली, आणि अधिक दारू मावेल अशा या लांब पुंगळीची योग्यता पटली. विसाव्या शतकातील बहुतेक काळ अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला हेच काडतूस होते. तथापि ते चार ते सहा इंचांच्या नळीच्या, सुमारे किलोभर वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरले जाई, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

साध्या वेशातील तपासनिसाला एवढे अवजड शस्त्र कोटाखाली लपविता येईना. सबब कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंचांच्या नळीचे आणि सहा घरांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याहून लहान, पाच घरांचे रिव्हॉल्व्हर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत मांडले आणि तेथेच त्याला ‘चीफ्स स्पेशल’ हे नाव मिळाले. पुढे पोलादाऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आला, आणि ज्या शस्त्राचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास होते ते सव्वाचारशे ग्रॅमवर उतरले. खिशात बाळगणाऱ्याला ही मोठी सोय झाली. काडतूस मात्र तेच राहिले. किलोभराच्या शस्त्रासाठी जन्मलेले काडतूस त्याच्या निम्म्याहून कमी वजनाच्या शस्त्रात आले, आणि या प्रकरणातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

३. दोन इंचांत काय हरवते

बंद पडलेली मोटार ढकलणारा मनुष्य दोन पावले ढकलून थांबला, तर मोटारीला जो वेग मिळतो तो दहा पावले ढकलल्यावर मिळणाऱ्या वेगाहून कमी असणार, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. गोळीला ढकलणारा वायूही नळी संपेपर्यंतच ढकलू शकतो. गोळी तोंडातून बाहेर पडली की उरलेला वायू हवेत विरतो, आणि त्याच्याबरोबर न जळलेल्या दारूचे कणही बाहेर जाऊन तेथे पेटतात. रात्रीच्या वेळी आखूड नळीपुढे जो मोठा जाळ दिसतो तो याच वाया गेलेल्या दारूचा. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये आणि नळीमध्ये जी बारीक फट असते तिच्यातूनही थोडा वायू निसटतो. म्हणूनच त्या फटीजवळ बोट ठेवू नये असे शिकाऊ मनुष्याला पहिल्याच दिवशी बजावतात.

आता हिशेब पाहू. १५८ ग्रेनांची, थोड्या अधिक दाबाने भरलेली गोळी चार इंचांच्या नळीतून सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने निघते. दोन इंचांच्या नळीतून तीच गोळी सुमारे २४५ मीटर वेगाने निघते असे धरू. वेगात घट झाली ती जेमतेम नऊ टक्क्यांची. परंतु ऊर्जा ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून लांब नळीत ३७२ ज्यूल असलेली ऊर्जा आखूड नळीत ३०६ ज्यूलांवर येते, आणि ही घट अठरा टक्क्यांची आहे. वेगातील लहान तूट ऊर्जेत दुप्पट होऊन दिसते, एवढे या उदाहरणातून लक्षात घ्यावे.

४. उमलणारी गोळी आणि तिची अट

गोळी लक्ष्यावर आदळल्यावर रुंद व्हावी, ही कल्पना आपल्याच देशाच्या भूमीवर प्रसिद्धीस आली. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८९६–९७ च्या सुमारास, वायव्य सरहद्दीवरील लढायांसाठी, टोकावरचे धातूचे वेष्टन काढून शिसे उघडे ठेवलेली रायफलची गोळी तयार झाली, आणि ‘डमडम’ हे नाव जगाच्या कोशांत गेले. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांचा युद्धात वापर करू नये असा जाहीरनामा निघाला. हा निर्बंध राष्ट्रांमधील युद्धापुरता होता. मुलकी पोलिसांच्या व नागरिकांच्या शस्त्रांना तो लागू नव्हता, आणि म्हणूनच सैनिकाला निषिद्ध असलेली गोळी अमेरिकेतील पोलिसाच्या शस्त्रात आढळते, या विसंगतीचे अनेकांना नवल वाटते. या भेदाचे समर्थन असे करतात, की रस्त्यावर गोळी झाडण्याचा प्रसंग आला तर ती लक्ष्यातच थांबावी, पलीकडून जाणाऱ्या निरपराध माणसापर्यंत पोहोचू नये.

आजच्या पिस्तुलांसाठी या जातीची जी गोळी मिळते तिच्या तोंडाशी पोकळी असते. गोळी ओलसर पदार्थात शिरली की तो पदार्थ पोकळीत घुसतो, आतून कडांवर दाब देतो, आणि कडा मागे दुमडून गोळी रुंद होते. यासाठी पुरेसा वेग हवा, आणि आखूड नळीत नेमका तोच कमी. त्यातच जाड कापडातून जाताना कापडाचा तुकडा पोकळीत घट्ट बसला, तर ती पोकळी असून नसल्यासारखी होते, आणि महागड्या डब्यातील गोळी साध्या गोळीप्रमाणे वागू लागते. लांब नळीत हमखास उमलणारी गोळी आखूड नळीतही उमलेलच, अशी खातरजमा डब्यावरील चित्रावरून होत नाही.

५. मायामी आणि जिलेटिनचा ठोकळा

मग ही खातरजमा करावयाची कशी? या प्रश्नाला आजचे उत्तर मिळाले ते एका रक्तरंजित प्रसंगातून. ११ एप्रिल १९८६ रोजी फ्लोरिडातील मायामी येथे एफबीआयचे आठ अंमलदार आणि दरोड्यांच्या संशयावरून हवे असलेले दोन इसम यांच्यात चकमक झाली. तीत दोन अंमलदार प्राणांस मुकले आणि पाच जखमी झाले. चकमकीच्या आरंभीच एका संशयिताला लागलेली नऊ मिलिमीटरची गोळी त्याच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. ती उमलली होती, मात्र पुरेशी खोल गेली नव्हती, आणि तो मनुष्य त्यानंतरही बराच वेळ लढत राहिला. शेवटी एका जखमी अंमलदाराने आपल्या रिव्हॉल्व्हरने ही चकमक संपविली, आणि त्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एट स्पेशलची १५८ ग्रेनांची जुनी शिशाची गोळी होती, हा तपशील या विषयाच्या अभ्यासकांच्या नेहमी स्मरणात असतो. रिव्हॉल्व्हर लांब नळीचे होते, हेही मात्र विसरू नये.

पुढील दोन-तीन वर्षांत एफबीआयने वैद्यकीय तज्ज्ञांच्या साहाय्याने, विशेषतः डॉ. मार्टिन फॅकलर यांच्या प्रयोगांच्या आधारे, एक चाचणी निश्चित केली. पाण्यात दहा टक्के जिलेटिन मिसळून, थंड करून, त्याचा ठोकळा करतात. तो स्नायूच्या घनतेच्या जवळचा असतो. त्यात प्रथम नुसती, मग जाड कापडाच्या थरांआडून, मग लाकूड, पत्रा, काच इत्यादींच्या आडून गोळी झाडतात आणि ती किती खोल गेली ते मोजतात. किमान १२ इंच आणि कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४५ सेंटिमीटर, ही मर्यादा त्यांनी घातली.

मनुष्याची छाती तर इतकी जाड नसते, मग १२ इंच कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर मायामीतच आहे: हात पुढे असतो, शरीर आडवे असते, गोळीला तिरपी वाट कापावी लागते. वरची मर्यादा आहे ती गोळी पलीकडे जाऊन दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून. आखूड नळीच्या दृष्टीने या चाचणीचा एक मोठा धडा असा, की गोळी उमलली नाही तर तो दोष होय, परंतु ती लवकर उमलून उथळ थांबली तर तो अधिक मोठा दोष होय. ११० ग्रेनांसारख्या हलक्या गोळ्यांपैकी काही या दुसऱ्या दोषाच्या धनी ठरतात. त्या वेगाने निघतात, पटकन रुंद होतात, आणि वजन कमी असल्यामुळे लवकर थकतात.

६. धक्क्याचा हिशेब

गोळी पुढे जाते तसे शस्त्र मागे येते, आणि दोहोंचा संवेग, म्हणजे वजन आणि वेग यांचा गुणाकार, सारखाच असतो. वायूचा हिस्सा सोडून देऊन ढोबळ हिशेब करू. १०.२ ग्रॅमची गोळी २४५ मीटर वेगाने निघाली, तर गुणाकार २,५०० च्या आसपास येतो. शस्त्र ४२५ ग्रॅमचे असेल तर २,५०० भागिले ४२५, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा मीटर वेगाने ते हातात मागे उसळते. किलोभराच्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तीच गोळी २७० मीटर वेगाने निघूनही शस्त्राचा मागचा वेग पावणेतीन मीटरांच्या आतबाहेर राहतो. धक्क्याची ऊर्जा काढली तर मोठ्या शस्त्रात ती पावणेचार ज्यूलांच्या जवळपास, आणि छोट्यात सव्वासात ज्यूलांहून अधिक. नळी आखूड केल्याने गोळी दुबळी झाली, आणि शस्त्र हलके केल्याने हाताला बसणारा धक्का मात्र जवळजवळ दुप्पट झाला. असा हा दुहेरी तोटा आहे.

याचे परिणाम केवळ तळव्याला होत नाहीत. पहिली गोळी सुटल्यावर नळी वर उडते, दुसरी झाडण्यापूर्वी ती पुन्हा खाली आणावी लागते, आणि धक्क्याच्या धास्तीने मनुष्य चाप ओढतानाच मनगट दडपतो, त्यामुळे गोळी लक्ष्याच्या खाली जाते. सरावाचा कंटाळा येतो, तो वेगळाच. जे काडतूस झाडणे नकोसे वाटते त्याचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव नाही त्याच्यावर प्रसंगी भरवसा ठेवता येत नाही.

हलक्या शस्त्रात आणखी एक विलक्षण दोष संभवतो. धक्क्याने शस्त्र एकदम मागे जाते, पण सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांच्या जड गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात, आणि पुंगळीची पकड ढिली असेल तर त्या हळूहळू पुढे सरकून बाहेर डोकावू लागतात. एखादी पुरेशी बाहेर आली की ती सांगाड्याला अडते आणि सिलिंडर फिरेनासा होतो. शस्त्र तेथेच निकामी. याची परीक्षा सोपी आहे: चांदमारीच्या मैदानावर पाच काडतुसे भरावीत, पाचव्याची लांबी आधी मोजून ठेवावी, चार झाडावीत, आणि पाचवे काढून पुन्हा मोजावे. लांबी वाढली असेल तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी बाद समजावे.

७. तीन उमेदवार

येथवर आलेल्या वाचकाला आता बाजारातील काडतुसांकडे सावधपणे पाहता येईल. त्यांतील तीन प्रकार विशेष विचारार्ह आहेत.

पहिला ‘वॅडकटर’. ही १४८ ग्रेनांची, सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाशी बरोबर होईल इतकी आत बसविलेली गोळी मुळात नेमबाजीच्या स्पर्धेसाठी केली गेली. कारण तिच्या सपाट तोंडाने कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजणे सोपे जाते. तिचा वेग आखूड नळीतून सेकंदाला दोनशे मीटरांच्या आसपास धरला, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ४.३ ज्यूल, म्हणजे वर काढलेल्या आकड्याहून चाळीस टक्क्यांनी कमी येते. ती उमलत नाही. पण तिला उमलण्याची गरजही नसते, कारण कापडाने तुंबायला तिला पोकळी नाही, आणि ती पुरेशी खोल जाते. अशक्त मनगटाच्या मनुष्याला अनेक जाणकार हीच सुचवितात. तिचा एक तोटा असा, की सपाट तोंडामुळे घाईत ती सिलिंडरच्या घरात चटकन सरकत नाही. म्हणून काहीजण सिलिंडरमध्ये वॅडकटर आणि खिशातल्या राखीव पट्टीत निमुळत्या तोंडाची काडतुसे ठेवतात.

दुसरा प्रकार १५८ ग्रेनांच्या, वेष्टनरहित मऊ शिशाच्या, पोकळ तोंडाच्या गोळीचा. १९७० च्या दशकात एफबीआयने ती वापरल्यामुळे तिला त्याच संस्थेच्या नावाने ओळखतात. मायामीची चकमक संपविणारी ती हीच. शिसे मऊ असल्यामुळे ती कमी वेगातही उमलू शकते आणि वजनामुळे खोलही जाते. पण धक्का मोठा, आणि नळीत शिशाचा थर बसतो तो वेगळा.

तिसरा प्रकार आखूड नळीसाठीच आखलेल्या गोळ्यांचा. यांतील प्रसिद्ध उदाहरण स्पीअर कंपनीच्या १३५ ग्रेनांच्या ‘गोल्ड डॉट’ या काडतुसाचे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांपैकी पुष्कळांजवळ दुय्यम शस्त्र म्हणून दोन इंची रिव्हॉल्व्हर असे, आणि त्यांची गरज डोळ्यांपुढे ठेवून ते सिद्ध झाले. त्यात तोंडाची पोकळी रुंद ठेवलेली असते, वेष्टन शिशाला पक्के चिकटविलेले असते, आणि दारू अशी निवडलेली असते की ती दोन इंचांतच बहुतांशी जळून जावी व जाळ कमी व्हावा. त्याचा वेग कंपनी आखूड नळीतूनच मोजून सांगते, तो सेकंदाला सुमारे २६० मीटर. धक्का मात्र वॅडकटरहून बराच अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा ज्यूलांच्या पुढे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातील काडतुसांवर ‘प्लस-पी’ अशी खूण असते. प्रमाण दाबापेक्षा त्यात अधिक दाब भरला आहे, असा तिचा अर्थ. नवीन शस्त्रांच्या नळीवर ही खूण कोरलेली असेल तर हरकत नाही. परंतु आजोबांच्या काळातले, विशेषतः अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे जुने रिव्हॉल्व्हर असेल, तर त्यात असे काडतूस घालू नये. तसेच .३५७ मॅग्नम हे अधिक लांब पुंगळीचे काडतूस. त्याच्या शस्त्रात थर्टी-एट स्पेशल चालते, उलट मात्र चालत नाही, आणि ते आत शिरूच नये म्हणूनच त्याची पुंगळी लांब ठेवली आहे. छोट्या शस्त्रात मॅग्नम झाडण्याचा उत्साह बहुतेकांचा पहिल्या पाच गोळ्यांत ओसरतो.

८. लहान दिसणाऱ्या चार गोष्टी

आखूड रिव्हॉल्व्हरची पुढची माशी बहुधा सांगाड्याचाच भाग असल्यामुळे ती सरकविता येत नाही, आणि ती पुष्कळदा १५८ ग्रेनांच्या गोळीला अनुसरून बसविलेली असते. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळी किंचित वर उचलली जाते, आणि ही उचल माशीच्या उंचीत धरलेली असते. हलकी व वेगवान गोळी नळी उचलण्यापूर्वीच निसटते. म्हणून ती खाली लागते. सात मीटरांवर हा फरक थोडा असला तरी आपल्या शस्त्रात तो किती आहे, हे कागदावर झाडूनच कळते.

दुसरी गोष्ट पुंगळ्यांची. नळी आखूड म्हणून रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडीही आखूड, आणि ती पुंगळ्यांना पुरते बाहेर काढीत नाही. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या अधिक गुळगुळीत असल्यामुळे सहज सुटतात. तिसरी गोष्ट हलक्या धातूंची: स्मिथ अँड वेसनच्या काही अतिहलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरांच्या नळीवर १२० ग्रेनांहून हलकी गोळी वापरू नये अशी सूचनाच कोरलेली असते, ती वाचली पाहिजे. चौथी गोष्ट कायद्याची: न्यू जर्सीसारख्या राज्यात पोकळ तोंडाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर निर्बंध आहेत, आणि तेथील रहिवाशाला वॅडकटरचा मार्ग आणखी एका कारणाने जवळचा ठरतो.

९. खडकीचे काडतूस

मराठी वाचकाला येथे प्रश्न पडेल, की हा सर्व ऊहापोह आपल्या उपयोगाचा किती? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे; परवाना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि काडतुसे किती घ्यावयाची हेही त्यावर नमूद असते. अडतीस बोअर सामान्य नागरिकाच्या परवान्यात बसत नाही. त्याला मिळते ते बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर, बहुधा कानपूरच्या कारखान्यातले. आणि त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे पुंगळीच्या बुडावर उमटविलेली असतात.

या बत्तीसच्या काडतुसाची ऊर्जा सुमारे दीडशे ज्यूल, म्हणजे थर्टी-एट स्पेशलच्या निम्मी. एवढ्या वेगाला गोळी उमलण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. तेव्हा वर सांगितलेल्या हिशेबातून आपल्या परवानाधारकासाठी जे उरते ते हे, की गोळी सरळ व खोल जावी, ताजी असावी, आणि माणसाचा नेम तिच्यावर बसलेला असावा. निवडीचा वाव अल्प असल्यामुळे सरावाचे महत्त्व येथे अधिकच वाढते. आत्मसंरक्षणाच्या हक्कालाही धोक्याच्या प्रमाणाची मर्यादा कायद्याने घातलेली आहे, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब परवानाधारकाला द्यावा लागतो.

१०. निवडीचा क्रम

आता एक उदाहरण घेऊन हा सारा विचार एका ओळीत मांडू. समजा, अमेरिकेत राहणाऱ्या साठीतल्या एका बाईंजवळ ४२५ ग्रॅमचे, पाच घरांचे रिव्हॉल्व्हर आहे आणि त्यांचे मनगट संधिवाताने दुखते. त्यांनी प्रथम नळीवरील खूण वाचून शस्त्राला कोणते काडतूस चालते ते पाहावे. नंतर वॅडकटर आणि आखूड नळीची १३५ ग्रेनांची गोळी, अशी दोनच काडतुसे घेऊन चांदमारीच्या मैदानावर जावे. सात मीटरांवर २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लावावे, आणि प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच गोळ्या सावकाश, मग पाच-पाच जलद झाडून पाहाव्यात. १३५ ग्रेनांच्या गोळ्या जलद झाडतानाही वर्तुळात राहत असतील आणि मनगटाची तक्रार नसेल, तर त्या घ्याव्यात. कारण नेम सारखाच राहत असेल तर उमलणाऱ्या गोळीचा लाभ सोडण्याचे कारण नाही. तिसरी-चौथी गोळी वर्तुळाबाहेर जाऊ लागली, तर वॅडकटर घ्यावी आणि दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडू नये.

निवड झाल्यावर त्याच प्रकाराचे डबे घ्यावेत, आणि लांबीची परीक्षा, माशीची परीक्षा व पुंगळ्या सुटण्याची परीक्षा त्यांवरच करावी. शस्त्रात भरून ठेवलेली काडतुसे खिशातील धूळ, घाम आणि शस्त्राला लावलेले तेल यांनी हळूहळू बिघडतात. तेल प्रायमरपर्यंत झिरपले तर ती पेटतही नाहीत. यास्तव वर्षातून एकदा ती चांदमारीत झाडून टाकावीत आणि नवी भरावीत. त्यात खर्च पाच काडतुसांचा होतो, आणि गेल्या वर्षी जी निवड आपल्या हाताला योग्य ठरली ती या वर्षीच्या हातालाही योग्य आहे की नाही, याची तपासणी त्याच पाच काडतुसांत होऊन जाते.